बोट भरून बघा

जॉर्जियातले लेक लेनियर असो की न्यू जर्सीतले लेक होपॅटकाँग, अमेरिकेतल्या तळ्यांवर उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी डेक बोटींची गर्दी असते. या बोटीची नाळ, म्हणजे पुढचा भाग, निमुळती होत जात नाही, जवळजवळ टोकापर्यंत रुंद राहते. त्यामुळे वीस-बावीस फुटांच्या लांबीत दहा-बारा माणसे ऐसपैस बसतात. खाली पाँटून बोटीसारखी नळकांडी नसतात, व्ही आकाराचा तळ असतो, म्हणून ती वेगही चांगला घेते. पोहायला उतरायची शिडी, बर्फाची पेटी, गाणी, वर कापडी छत. मुलाबाळांसह दिवस घालवायला ही बोट सोयीची आहे, यात वाद नाही. तिथली मराठी मंडळीही दोन-तीन कुटुंबे मिळून अशी बोट दिवसभरासाठी भाड्याने घेतात.

वाद आहे तो ती बोट चांगली की वाईट हे ठरवण्याच्या रीतीशी. विक्रेते, परीक्षणे लिहिणारे आणि हौशी मालक यांच्यात एक मत इतके रुळले आहे की ते मत म्हणून कोणी मांडतही नाही, माहिती म्हणून सांगतात. ते असे: बोटीचा बाहेरचा थर आरशासारखा असला, गाद्यांची शिवण सरळ असली, इंजिन दोनशे-अडीचशे अश्वशक्तीचे असले आणि ताशी पन्नास मैलांचा वेग गाठता आला, की बांधणी उत्तम. बोटीवरच्या पाटीवर बारा माणसे लिहिली आहेत ना, मग बारा बसवा. तळ्यातच तर फिरायचे आहे, महासागर थोडाच ओलांडायचा आहे? आणि अपघात झालाच तर तो चालवणाऱ्याचा किंवा बसणाऱ्यांचा दोष, बोटीचा नव्हे.

या मताने माणसे बुडतात, म्हणून ते एकेका बाजूने खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

सुरुवात वेगापासून करू, कारण परीक्षणांत पहिला मान त्यालाच असतो. हा वेग मोजतात कसा? सकाळच्या शांत पाण्यावर, बोटीत दोन माणसे, टाकीत थोडे इंधन, सामान शून्य. पण दहा-बारा माणसांसाठी घेतलेली बोट तिचा मालक दोघांना घेऊन किती वेळा चालवणार आहे? एवढ्या लांबीच्या डेक बोटीचे रिकामे वजन साधारण दीड टन असते. तिच्यात सरासरी ऐंशी किलोची दहा माणसे बसली की आठशे किलोंची भर पडते. शिवाय इंधन, पाणी, बर्फ, खाणे, दोर, नांगर. म्हणजे बोटीच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त ओझे असे आहे, जे उठते, बसते, वळून बघते आणि एका बाजूला धावते. ते वगळून घेतलेल्या चाचणीला कामगिरीची चाचणी म्हणायचे कसे?

भरलेली बोट वेगळी वागते. वेग वाढवताना नाळ वर उठते आणि बोट पाण्यावर तरंगत धावू लागेपर्यंत चालवणाऱ्याला समोरचे दिसत नाही. दोघे असतील तर हा काळ चुटकीसरशी जातो. दहा असतील तर लांबतो, आणि सुट्टीच्या दिवशी समोर पोहणारी मुले असतात. पण खरी परीक्षा वेग घेताना नसते, वेग सोडताना असते, आणि तिचा उल्लेख परीक्षणांत शोधूनही सापडत नाही. डेक बोटीचे सगळे आकर्षण पुढच्या रुंद बैठकीत आहे. माणसे तिथेच जाऊन बसतात. बोट वेगात असताना कोणीतरी ओरडते, चालवणारा एकदम इंजिनचा जोर काढतो. बोट खाली बसते. मागून तिचीच उठवलेली लाट येते आणि मागचा भाग वर ढकलते. पुढे सहा माणसांचे वजन असेल तर नाळ खाली जाते आणि समोरचे पाणी थेट बैठकीत शिरते. यात वादळ नाही, खडक नाही, दारू पिऊन चालवणारा नाही. रचना, वजन आणि एक साधी कृती, एवढ्यानेच हे घडते.

आत आलेले पाणी काय करते, हेही समजून घ्यायला हवे. दहा चौरस मीटरच्या डेकवर दहा सेंटिमीटर पाणी साचले तर ते एक टन भरते. ते एका जागी थांबत नाही. बोट डावीकडे जरा झुकली की सगळे तिकडे धावते आणि झुकाव वाढवते. घाबरलेली माणसे त्याच बाजूला गेली तर आणखी. म्हणून बोट बघताना विचारायचे ते हे: डेकवरचे पाणी आपोआप बाहेर पडते की तळात उतरते? पडत असेल, तर बोट भरल्यावरही ती भोके पाण्याच्या पातळीच्या वर राहतात का? रिकाम्या बोटीत पाणी बाहेर टाकणारी भोके भरलेल्या बोटीत पाणी आत घेतात, असे पुष्कळदा होते. धक्क्याला रिकामी बांधलेली बोट बघून हे कोणाला कळणार?

आता चकाकीकडे वळू. बाहेरचा जेलकोट म्हणजे रंगीत राळेचा पातळ थर. तो साच्याला आधी लावतात, त्यामुळे साचा गुळगुळीत असला की कोणतीही बोट गुळगुळीत निघते. मजबुती त्याच्या आत आहे: काचतंतूंचे थर, त्यात भिनलेली राळ, तळाला लांबीच्या दिशेने जाणाऱ्या तुळया आणि इंजिन पेलणारी मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम. यातले काहीही गादीवर बसून दिसत नाही. ते बघायला झाकणे उघडावी लागतात. इंजिन किंवा बॅटरी जिथे आहे तिथले झाकण वर करा आणि टॉर्च घेऊन आत वाका. काचतंतू कोरडे, पांढरट, हाताला टोचणारे दिसले तर तिथे राळ पुरेशी भिनलेली नाही. वायरी पट्ट्यांनी बांधलेल्या आहेत की लोंबताहेत? पंपाची नळी बाहेर जाते तिथे एक क्लँप आहे की दोन, आणि त्यावर गंज आहे का? ट्रान्समवर लाकडी हातोडीच्या दांड्याने टकटक करत जा. भरीव भागाचा आवाज टणक येतो. थर सुटलेला असेल किंवा आतले लाकूड कुजले असेल तिथे तो बोदा होतो. कानाला हा फरक पहिल्याच वेळी कळतो.

आपल्याकडच्या एका धरणावर, बोट क्लबच्या धक्क्यावर, मी नव्याकोऱ्या फायबर बोटीचा दोर बांधायचा खुंटा हाताने हलवून पाहिला होता. तो हलला. खालून चाचपले तर पत्रा नाही, बोल्ट नाही. चार आखूड स्क्रू नुसत्या फायबरमध्ये पिळलेले. भरलेली बोट ओढायची वेळ आली असती तर दोराबरोबर खुंटाही हातात आला असता. बोटीच्या बाजूवर मात्र वाघाचे चित्र सुरेख रंगवले होते आणि सगळे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते. अशा वेळी मला राग येतो तो चित्राचा नाही. ज्याने खुंट्याखाली पत्रा लावायचे टाळले, त्याला पक्के ठाऊक होते की तिकडे कोणी बघणार नाही. आपण काय तपासतो, यावर बांधणारा काय बांधतो हे ठरते. गाद्याच बघितल्या तर गाद्याच चांगल्या मिळतील.

हल्ली लाकूड अजिबात नसल्याचे मोठ्या अक्षरांत लिहून बोटी विकतात. लाकूड आपोआप कुजत नाही. डेकवर काहीतरी बसवताना पाडलेले भोक सील केले नाही की पाणी आत जाते आणि लाकूड कुजते. कृत्रिम गाभा कुजणार नाही, हे खरे. पण तो थरांना नीट चिकटवलेला नसेल तर सुटतो, आणि सुटलेला गाभाही तितकाच निकामी. प्रश्न कारागिरीचा आहे, तो एका घोषणेने सुटत नाही.

मग पाटी. अमेरिकेत १९७१ च्या संघीय नौसुरक्षा कायद्याखाली केलेल्या नियमांनुसार इंजिनावर चालणाऱ्या छोट्या बोटींवर क्षमतेची पाटी लावावी लागते. माणसांच्या संख्येशेजारी तिच्यावर वजनही लिहिलेले असते, पण लोक वाचतात ती फक्त संख्या. त्याहून महत्त्वाची गोष्ट विक्रेता सांगत नाही: हा नियम वीस फुटांपेक्षा कमी लांबीच्या, एकाच तळाच्या बोटींना लागू आहे. पाणी भरले तरी बोट तरंगत राहिली पाहिजे, हा नियमही तेवढ्याच लांबीपर्यंत. त्यातही बाहेर टांगलेल्या इंजिनाची बोट पाण्याने भरल्यावर समपातळीत तरंगली पाहिजे. इंजिन आत असेल तर बोटीचा काही भाग पाण्यावर राहिला की नियम पाळला गेला. आणि डेक बोटी पुष्कळशा वीस फुटांच्या पुढच्या. म्हणजे ज्या बोटीत सर्वांत जास्त माणसे बसतात, तिला कायद्याने ना पाटी सक्तीची, ना तरंगण्याची हमी. काही कारखाने उद्योगसंस्थेचे प्रमाणपत्र स्वेच्छेने घेतात आणि मोठ्या बोटींवरही पाटी लावतात. चांगली गोष्ट आहे, पण बावीस फुटांची बोट घेताना किती जणांनी विचारले आहे की ही पाण्याने भरली तर तरंगेल का?

माणसांची संख्या ठरते कशी, हेही बघा. पाटी नसेल तर अमेरिकेचे तटरक्षक दल ढोबळ हिशेब सांगते: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. वीस फूट लांब आणि आठ फूट रुंद बोटीत दहा माणसे. हा हिशेब शांत हवेसाठी आहे. युरोपात एकाच बोटीला पाण्यानुसार वेगवेगळी क्षमता देता येते. तिथल्या ‘ड’ वर्गाचे पाणी म्हणजे लाटांची उंची साधारण ०.३ मीटर, क्वचित अर्धा मीटर. ‘क’ वर्गात ती दोन मीटरपर्यंत जाते आणि त्याच बोटीत माणसे कमी बसवायची असतात. तळ्याला समुद्र थोडाच म्हणायचा, असे विचारणाऱ्यांनी हा अर्धा मीटर हाताने मोजून बघावा. सुट्टीच्या दुपारी शेजारून गेलेली एक जड बोट एवढी लाट सहज उठवते. तळ्यातली लाट आखूड आणि उभी असते, दोन लाटांत सावरायला वेळ मिळत नाही. आणि डेक बोटीची नाळ बुटकी असते.

प्रमाणपत्र आहे म्हणजे काळजी नाही, असे मानणाऱ्यांसाठी न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जचे उदाहरण पुरेसे आहे. २ ऑक्टोबर २००५ ला तिथे ‘ईथन अॅलन’ ही चाळीस फुटी फायबरची सहलीची बोट उलटली. हवा स्वच्छ होती, पाणी शांत होते. बोटीवर ४७ प्रवासी आणि एक चालक होता, त्यातले २० जण बुडाले. राज्याच्या प्रमाणपत्राप्रमाणे तिच्यात ४८ प्रवासी बसू शकत होते, म्हणजे प्रवाशांच्या संख्येचा नियम मोडलेला नव्हता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपास केला तेव्हा दिसले की क्षमता ठरवताना माणसाचे सरासरी वजन १४० पाउंड, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो धरले होते. शिवाय मूळच्या कापडी छताच्या जागी नंतर लाकडी छत बसवले होते आणि त्यानंतर स्थैर्याची चाचणी झालीच नव्हती. माणसांचे खरे वजन धरून हिशेब केला तेव्हा सुरक्षित संख्या निघाली चौदा. एक लाट, एक वळण, आणि बाकावरची माणसे घसरून एका बाजूला गेली; तेवढ्यात सगळे संपले. त्याआधी ६ मार्च २००४ ला बाल्टिमोरच्या बंदरात ‘लेडी डी’ ही पाँटून जलटॅक्सी उलटून पाच जण गेले होते, तिथेही वजनाचा हिशेब चुकलेलाच होता. एवढे झाल्यावर, २०११ मध्ये, तटरक्षक दलाने प्रवाशाचे गृहीत वजन १८५ पाउंड, म्हणजे चौऱ्याऐंशी किलो केले. आकडा बदलला म्हणून जुन्या बोटी मोठ्या झाल्या नाहीत, तेवढ्याच आहेत.

याला उत्तर म्हणून जे सांगितले जाते ते मला सगळ्यांत जास्त खटकते: शेवटी दोष माणसांचाच. यासाठी तटरक्षक दलाचे आकडेही पुढे केले जातात. २०२३ मध्ये अमेरिकेत हौशी नौकानयनात ५६४ माणसे गेली, आणि बुडून मेलेल्यांपैकी ज्यांची माहिती मिळाली त्यांतल्या ८७ टक्क्यांनी जीवरक्षक जॅकेट घातलेले नव्हते. जॅकेट घातलेच पाहिजे, त्यावर दुमत नाही. पण हा आकडा माणूस पाण्यात पडल्यानंतरचे सांगतो. तो पाण्यात का पडला, याचे उत्तर त्यात नाही. माणसे सुंदर दृश्य दिसले की एका बाजूला जातात, मुले पुढे धावतात, आजोबांना उभे राहायला वेळ लागतो. सहलीच्या बोटीवर हे घडणारच. हे घडेल असे धरून बांधलेली नसेल ती बोट सहलीची नाही. प्रवाशांनी पुतळ्यासारखे बसून राहावे, तरच बोट सुरळीत चालेल, अशी अट घालून कोणी बोट विकतो का? विकत नसेल तर अपघातानंतर ती अट पुढे का आणतो?

केरळात थेक्कडीच्या पेरियार तलावात ३० सप्टेंबर २००९ ला ‘जलकन्यका’ उलटली. बोट फायबरची, दुमजली, नवी. किनाऱ्यावरचे प्राणी बघायला प्रवासी एका बाजूला सरकले, असे तेव्हा सांगितले गेले. ४५ माणसे गेली. जंगलातल्या तलावात प्राणी बघण्यासाठीच चालवलेली बोट आणि प्राणी दिसल्यावर माणसांनी हलायचे नाही? ७ मे २०२३ ला त्याच राज्यात तानूर इथे दुमजली सहलीची बोट उलटली, २२ माणसे गेली, त्यांत मुले अधिक. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिच्यावर मजले चढवले होते. मासळी तळाशी भरतात आणि बोट स्थिर होते; माणसे वर चढवली की तीच बोट वरजड होते. हे कोकणातला कोणताही तांडेल दोन वाक्यांत सांगेल. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुले व दोन शिक्षिका गेल्या. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती किती माणसे जास्त होती आणि जॅकेटे होती का याची. बोट बांधणीच्या कोणत्या हिशेबावर उभी होती, हे विचारणारे आवाज दोन दिवसांत थांबले.

आपल्याकडे २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, त्यात नोंदणी आणि तपासणी दोन्ही आली. पण कोयनेच्या शिवसागरावर, पुण्याजवळच्या धरणांवर, मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर बोटीत पाय ठेवणाऱ्या माणसाला त्या तपासणीतले काय दिसते? दिसते ते इंजिनचे नाव आणि छताचा रंग. सामान्य माणसाने एवढे कुठे तपासायचे, असेही म्हणतात. त्याने सगळे तपासू नये, पण मागणी करावी. अमेरिकेत बोट घेणाऱ्याने चाचणीला घरची सगळी माणसे न्यावीत. ती नसतील तर वीस लिटरचे पाण्याचे कॅन न्यावेत, पन्नास कॅन भरले की एक टन होतो. निम्मे वजन पुढच्या बैठकीत ठेवावे. मग बोट वेगात न्यावी, जोर हळू काढावा आणि नाळ पाण्यापासून किती उरते ते बघावे. पुढे रिकामे ठेवून पूर्ण वळण घ्यावे. सगळे वजन एका बाजूला सरकवून उभ्या बोटीचा झुकाव बघावा. डेकवर चार बादल्या पाणी ओतून ते कुठून बाहेर जाते ते बघावे. छत लावून, मागचा वारा घेऊन बोट सावकाश चालवावी आणि धुराचा वास आत येतो का ते हुंगावे; वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड त्याच वाटेने येतो, आणि पोहायच्या फळीवर बसलेली मुले इंजिनाच्या धुराच्या सर्वांत जवळ असतात. एवढ्याला अर्धा दिवस लागतो. हजारो डॉलर मोजणाऱ्याला अर्धा दिवस जास्त आहे का?

परीक्षण लिहिणाऱ्यांनी रिकाम्या बोटीचा वेग छापायचा असेल तर त्याच्या शेजारी भरलेल्या बोटीचा वेग, भरलेल्या बोटीत नाळेपाशी उरलेली उंची आणि वजन एका बाजूला गेल्यावरचा झुकाव छापलाच पाहिजे. हे तीन आकडे नसलेले परीक्षण ही जाहिरात आहे. धरणांवर बोटी चालवणाऱ्यांनी तिकीट-खिडकीशेजारी दरपत्रक लावतात तसा स्थैर्याच्या चाचणीचा दाखला लावला पाहिजे: कोणत्या तारखेला, किती किलो वजन ठेवून, कोणी घेतली, आणि त्यानंतर बोटीवर छत, मजला किंवा नवे इंजिन बसवले असेल तर जुना दाखला त्याच दिवशी रद्द. विक्रेता भरलेल्या बोटीची चाचणी द्यायला तयार नसेल तर चेकबुक बंद करून परत फिरा. खिडकीवर दाखला नसेल तर मुले कितीही रडली तरी तिकीट काढू नका.